लीव्ह अँड लायसन्सवरचं गाणं

पुण्यात घर परवडत नाही म्हणून कुणी गाणं सोडत नाही. कर्वेनगरात अकरा महिन्यांच्या करारावर खोली घ्या, भिंतींना जुन्या गाद्या टेकवा, झाला स्टुडिओ. आता रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. तेही भाड्यानेच घ्या. पेठांतल्या वाड्यांत भाडेकरूंनी नाममात्र भाड्यात तीन-तीन पिढ्या काढल्या. ते बघूनच बहुधा हे सॉफ्टवेअरवाले शहाणे झाले.

प्रो टूल्स या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरने २०१५ मध्ये महिन्याच्या भाड्याची सोय केली. त्याआधीपासून आयलॉक नावाचा यूएसबीचा तुकडा होताच: कुलूप त्यांचं, किल्ली मात्र आपण विकत घ्यायची. मार्च २०२३ मध्ये वेव्हज कंपनीने प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायचे, आवाजावर काम करणारे छोटे प्रोग्रॅम) कायमचे विकणं बंद करून फक्त सबस्क्रिप्शन ठेवायचं जाहीर केलं. लोकांनी इतका आरडाओरडा केला की काही दिवसांतच निर्णय मागे घ्यावा लागला. तुम्ही असं करू नका. मालकाशी भांडणाऱ्याला पुढची खोली मिळत नाही.

‘तहहयात अपडेट’ दिसलं, तर मात्र डोळे मिटून पैसे भरा. केकवॉक कंपनीच्या सोनार या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरने २०१६ मध्ये तशी योजना काढली आणि २०१७ च्या नोव्हेंबरात केकवॉकच्या मालकाने, म्हणजे गिटारवाल्या गिब्सनने, सोनारचं कामच थांबवलं. तहहयात म्हणजे कुणाची हयात, हे आधी विचारायचं नसतं. (पुढच्या वर्षी बँडलॅब नावाच्या कंपनीने ते विकत घेऊन फुकट वाटलं. ज्यांनी पैसे भरले होते त्यांना काय वाटलं असेल, ते इथे छापता येणार नाही.)

रीपर नावाच्या सॉफ्टवेअरपासून चार हात लांब राहा. साठ दिवस वापरून बघा म्हणतात आणि एकसष्टाव्या दिवशीही बंद पाडत नाहीत, नुसती आठवण करून देतात. छोट्या वापरकर्त्याला ६० डॉलर, तेही एकदाच. डिपॉझिट नाही, पोलीस व्हेरिफिकेशन नाही. अशा मालकाचा काय भरवसा?

आणि हो, गायिकेच्या आधी ओटीपीवाला माणूस ठरवा. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार आपण आधी परवानगी नोंदवल्याशिवाय कार्डावरून दरमहा आपोआप पैसे कापता येत नाहीत. परवा आमच्याकडे काकूंचा अभंग होता. पेटीचा सूर मिळाला, तबलजींनी हातोडीने गठ्ठे ठोकून तबला लावला, काकूंनी डोळे मिटले. इतक्यात पडद्यावर पाटी: सबस्क्रिप्शन संपलं आहे. कार्ड बाबांचं, बाबा पर्वतीच्या पायऱ्यांवर.

‘‘किती महिन्यांचं थकलंय?’’ तबलजींनी हळूच विचारलं.

बाबांनी खाली उतरून फोन केला आणि सहा आकडे खणखणीत वाचून दाखवले. तोवर ओटीपीची मुदत संपली होती आणि काकू घरी जाऊन मेथी निवडायला बसल्या होत्या.