नियमात बसणारी गुप्तता

माझ्यावर पाळत ठेवावी असं माझ्या आयुष्यात काहीही नाही. पतसंस्थेत हिशेब लिहिणारा, पन्नाशी गाठलेला, डोंबिवलीकर. व्यसन म्हणाल तर एकच: रात्री जेवणं उरकली की लॅपटॉपवरच्या खेळात युरोपात ट्रक चालवायचा. प्रत्यक्षात मला चारचाकी येत नाही. पण ड्यूसबर्गहून निघालेला चीजचा ट्रेलर मी कॅलेपर्यंत एकही आरसा न फोडता नेतो. हे माझं खासगी सुख आहे, आणि आमच्या इमारतीत खासगी असं काही राहत नाही.

इंटरनेट येतं खालच्या गाळ्यातल्या केबलवाल्याकडून. मुलगा चांगला आहे, पण त्याला माणसांत रस फार. गणपतीची वर्गणी मागायला सेक्रेटरींबरोबर दारात उभा राहिला आणि पावती फाडता फाडता म्हणाला, "काका, रात्री एक-एक वाजेपर्यंत काय उतरवता हो एवढं?"

"अपडेट असतात," मी म्हणालो.

सेक्रेटरींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग आतल्या खोलीच्या दाराकडे, मग पुन्हा माझ्याकडे. वर्गणी मी शंभरने वाढवून दिली.

त्या आठवड्यात व्हीपीएन घेतलं. प्रकार सरळ आहे. आपल्या यंत्रापासून व्हीपीएन कंपनीच्या सर्व्हरपर्यंत एक कुलूपबंद बोगदा तयार होतो. आपण कुठल्या साइटवर गेलो ते केबलवाल्याला दिसत नाही, आणि त्या साइटला आपला इंटरनेटवरचा पत्ता न दिसता सर्व्हरचा दिसतो. म्हणजे रोज जिन्यात भेटणाऱ्या मुलावरचा विश्वास काढून मी तो कधीही न पाहिलेल्या एका कंपनीवर ठेवला, आणि वर तिला वर्षाचे पैसे आगाऊ दिले. किती डेटा गेला हे मात्र बोगद्यातून गेला तरी मोजता येतं. लिफ्टमध्ये केबलवाला हळूच म्हणाला, "काका, हल्ली तुमचं सगळं एकाच ठिकाणी जातं. घरी सगळं ठीक ना?" आधी त्याला कुतूहल होतं, आता काळजी वाटायला लागली होती.

हे भाच्याला कळलं. भाचा बारावीला आहे, म्हणजे अभ्यास सोडून त्याला सगळं येतं. "मामा, व्हीपीएन आहे ना तुझ्याकडे? मग खेळ इथल्या भावात कशाला घेतोस? तुर्कस्तान लाव!"

त्याच्या म्हणण्यात कधी काळी दम होता. खेळांची दुकानं देशागणिक भाव लावतात. मी खेळ घेतो त्या स्टीम या ऑनलाइन दुकानात आपल्याकडे 2015 पासून रुपयांत किमती दिसतात, आणि बऱ्याच खेळांच्या त्या अमेरिकेपेक्षा कमी असतात. तुर्कस्तान आणि अर्जेंटिना तर इतके स्वस्त होते की जगभरचे लोक कागदोपत्री तिथे राहायला गेले. शेवटी नोव्हेंबर 2023 मध्ये स्टीमने दोन्ही देशांतलं स्थानिक चलन बंद करून डॉलर आणले. भाच्याची माहिती त्याआधीची होती. शिवाय नुसता सर्व्हर बदलून खात्याचा देश बदलत नाही. त्या देशाचं कार्ड किंवा पैसे भरायची तिथली सोय लागते, आणि तसा बदलही तीन महिन्यांत एकदाच करता येतो. प्लेस्टेशनवर तर खातं उघडताना टाकलेला देश जन्माचा. आपल्याकडे रेशनकार्डावरचा पत्तासुद्धा बदलून मिळतो!

"पण पकडणार कोण?" भाचा.

मी हिशेबनीस माणूस. हा प्रश्न मी कर्जदारांच्या तोंडून ऐकलेला आहे, आणि पुढे वसुलीही पाहिलेली आहे. म्हणून मी असं काम केलं जे माझ्या माहितीत कुणीही केलेलं नाही: स्टीमचा करार वाचला. त्यात स्पष्ट आहे की राहण्याचं ठिकाण लपवण्यासाठी प्रॉक्सी, म्हणजे मध्ये उभा केलेला दुसऱ्याचा सर्व्हर, किंवा दुसरी कुठली युक्ती वापरायची नाही. देशाची बंधनं ओलांडायला नाही, दुसऱ्या देशाच्या भावात खरेदी करायला नाही, आणि अन्य कोणत्याही कारणासाठी नाही. हे शेवटचं शेपूट मी लगेच ओळखलं. आमच्या कर्जाच्या फॉर्मवरही ते आहे. ते लिहिणारा वकील जगात कुठेही बसलेला असो, आमच्या उपविधी समितीत तो शोभला असता. नियम मोडला तर खातं बंद करायची मुभा त्यांना आहे. त्यात खेळ आपण विकत घेतलेले नसतातच, नुसता वापरायचा परवाना घेतलेला असतो. म्हणजे खातं गेलं की ट्रक, ट्रेलर, चीज, सगळं गेलं.

आली पंचाईत. केबलवाल्याला मी दिसता कामा नये आणि दुकानाला मी डोंबिवलीतच दिसायला हवा. एकाच वेळी फरार आणि हजर.

यावर सोपा उपाय सुचला. व्हीपीएनच्या यादीत 'भारत' निवडायचं. लपलो तर लपलो, पण देशातल्या देशात. मग खोलात गेलो. एप्रिल 2022 मध्ये सर्ट-इन या सरकारी संस्थेने आदेश काढला की व्हीपीएनवाल्यांनी ग्राहकांची नावं, पत्ते वगैरे तपशील पाच वर्षं जपून ठेवावेत. नाव लपवायचा धंदा करणाऱ्यांना नावांचं रजिस्टर ठेवायला सांगितल्यावर एक्सप्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएन, सर्फशार्क अशा बड्या कंपन्यांनी भारतातले सर्व्हर उचलले. यादीत 'भारत' शिल्लक राहिला, पण त्यामागचं यंत्र बसतं सिंगापूरसारख्या ठिकाणी आणि तिथून भारतीय पत्ता देतं. म्हणजे माझा डेटा डोंबिवलीहून निघणार, समुद्र ओलांडून सिंगापूरला जाणार, तिथे भारतीय होणार आणि मुंबईला परत येणार. माझ्या अख्ख्या खानदानात एवढा प्रवास कुणी केलेला नाही. याचा परिणाम पिंगवर, म्हणजे डेटाला जाऊन यायला लागणाऱ्या वेळेवर होतो. मित्रांबरोबर ताफ्यात ट्रक चालवताना मी ब्रेक दाबायचो आणि तो लागेपर्यंत पुढचा ट्रक माझ्या मांडीवर असायचा.

शेवटी स्प्लिट टनेलिंग नावाची सोय सापडली. कुठलं अ‍ॅप बोगद्यातून जाईल आणि कुठलं उघड्यावरून, हे आपण ठरवायचं. दुकान आणि खेळ बाहेर ठेवले, बाकी सगळं आत. दुकानाला खरा पत्ता, बाकी बाबतीत केबलवाल्याला अंधार. मी स्वतःवर खूश होतो. मग आला सेल.

जूनच्या शेवटी उन्हाळी सेल असतो आणि तो संपतो आपल्या रात्री साडेदहाला, कारण तिकडे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजतात. ट्रकच्या खेळातल्या नकाशाचा नवा भाग घ्यायचा होता. दहा वाजता बसलो. दुकान बोगद्याबाहेर होतं, पण पैसे भरायचं पान उघडलं ब्राउझरमध्ये, आणि ब्राउझर आत. पानाने विचारलं, तुम्ही माणूस आहात ना? एका सर्व्हरचा पत्ता हजारो लोक वापरत असल्यामुळे हा संशय व्हीपीएनवाल्यांच्या पाचवीलाच पुजलेला. झेब्रा क्रॉसिंग असलेले चौकोन निवडा. डोंबिवलीत झेब्रा क्रॉसिंग हे पुसट पट्ट्यांवरून नव्हे, तर रस्ता ओलांडणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरून ओळखायचं असतं. तो चेहरा चित्रात नव्हता. नापास. मग बसेस. मग अग्निशमनाचे ते अमेरिकन खुंटे, जे मी आयुष्यात पाहिलेले नाहीत.

वैतागून व्हीपीएन बंद केलं, तर किल स्विच जागा झाला. बोगदा तुटला तर चुकूनही उघड्यावर जाऊ नये म्हणून तो इंटरनेटच तोडतो. अत्यंत निष्ठावान. त्याला समजावून झोपवेपर्यंत सव्वादहा. पुन्हा पान, मग क्यूआर कोड, शेजारी उलटे मोजणारे सेकंद. फोन काढला. फोनवरही व्हीपीएन, कारण गुप्तता अर्धवट कशाला ठेवायची. बँकेच्या अ‍ॅपने लाल पाटी दाखवली: सुरक्षेसाठी व्हीपीएन बंद करा. सुरक्षेसाठी घेतलेलं ते सुरक्षेसाठी बंद केलं.

"अहो, तुम्ही नक्की लपताय कुणापासून?" ही स्वयंपाकघराच्या दारातून. एका हातात लॅपटॉप, दुसऱ्या हातात फोन, चष्मा कपाळावर, असा मी तिला 'केबलवाल्यापासून' असं सांगू शकलो नाही. पिन टाकला. हिरवी खूण आली तेव्हा साडेदहाला दोन मिनिटं होती. खरं नाव, खरा पत्ता, भारतीय रुपये, भारतीय बँक, एकही पडदा नाही. जगात आजवर एवढ्या उघडपणे कुणी खरेदी केली नसेल.

भाच्याला हे सगळं सांगितलं. नियमाने वागून किती त्रास होतो याचं त्याला वाईट वाटलं. मग म्हणाला, "मामा, कझाकस्तान अजून स्वस्त आहे."

"तिथलं कार्ड लागतं बाबा," मी म्हणालो. "आपलं कोण आहे कझाकस्तानात?"

महाराष्ट्रातली पोरं तिकडे एमबीबीएसला जातात, हे माझ्या ध्यानात नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईचा फोन: "अरे, शेजारच्या काकूंची मुलगी तिकडे डॉक्टरकी शिकते. तुला तिचं कार्ड हवंय म्हणे. काकू विचारतायत, कशाला?"