वैशाखात ओव्हरक्लॉक

ग्राफिक्स कार्ड (संगणकाच्या पडद्यावरचं चित्र तयार करणारं कार्ड) ओव्हरक्लॉक करण्याचा, म्हणजे कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवण्याचा छंद थंड मुलखातल्या लोकांनी काढला असावा, असा मला दाट संशय आहे. खिडकी उघडली की बाहेर पाच अंश, अशा ठिकाणी कुणीही चिपचा वेग वाढवील. नागपुरात मे महिन्यात, बाहेर पंचेचाळीस आणि खोलीत अडतीस असताना वाढवून दाखवा, मग बोलू.

हिशेब सोपा आहे, म्हणून तर जास्त चीड येते. पंख्याने थंड होणारं कार्ड खोलीच्या तापमानाखाली जाऊच शकत नाही. खोलीपेक्षा ते किती वर चढतं, एवढंच आपल्या हातात. २०२० साली आलेलं एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०८० हे कार्ड घ्या. कागदावरच त्याची भूक ३२० वॅट. पंचवीस अंशांच्या खोलीत ते ७२ वर चालत असेल, तर पंख्यांचा वेग तोच ठेवून अडतिसाच्या खोलीत साधारण ८५ वर जाणार. आणि ८३ च्या आसपास बरीचशी कार्डं आपणहून वेग उतरवायला लागतात. तिथवर पोचायच्या आधीही कार्ड तापेल तसतसं पंधरा-पंधरा मेगाहर्ट्झ गुपचूप काढून घेत असतंच. म्हणजे आपण मोठ्या मनाने शंभर मेगाहर्ट्झ द्यायचे आणि वैशाखाने ते हप्त्याहप्त्याने वसूल करायचे. शंभर तसेच टिकले तरी मिळतात किती? खेळात सेकंदाला नव्वद फ्रेम्सच्या (म्हणजे चित्रांच्या) त्र्याण्णव. या तीन फ्रेम्ससाठी घरात पंख्यांच्या आवाजाचा विमानतळ चालवायचा.

बहुतेक लोक तापमान म्हणून एकच आकडा बघतात आणि ‘पंच्याहत्तर आहे, काही प्रॉब्लेम नाही’ म्हणत झोपी जातात. एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर उघडलं की खाली आणखी दोन आकडे दिसतात : हॉटस्पॉट (चिपवरची सर्वांत तापलेली जागा) आणि मेमरी जंक्शन (कार्डावरच्या मेमरीच्या आतलं तापमान). हॉटस्पॉट कोअरपेक्षा, म्हणजे त्या नेहमीच्या आकड्यापेक्षा, दहा-पंधरा अंशांनी जास्त असणं नॉर्मल. फरक पंचवीसच्या पुढे गेला तर चिपची उष्णता हीटसिंकपर्यंत (वरच्या धातूच्या ठोकळ्यापर्यंत) पोचवणारी पेस्ट वाळली आहे, कडेला सरकली आहे किंवा हीटसिंक वाकडा बसला आहे. मेमरी जंक्शनचं ११० अंशांवर भांडण सुरू होतं. तिथे कार्ड वेग पाडतं, खेळ अडखळतो आणि आपण इंटरनेट कंपनीला शिव्या घालतो.

मेमरी ओव्हरक्लॉक करणाऱ्यांसाठी आणखी एक गंमत आहे. ३०८० वर असते ती जीडीडीआर६एक्स जातीची मेमरी चुकलेला डेटा पकडून परत पाठवते. त्यामुळे वेग अती वाढवला तरी पडद्यावर ठिपके-पट्टे येतीलच असं नाही, सगळं छान दिसतं, फक्त स्कोअर घसरतो. म्हणून शंभर-शंभर मेगाहर्ट्झने वाढवत प्रत्येक वेळी बेंचमार्क (कार्डाचा वेग मोजणारी चाचणी) लावायचा आणि स्कोअर वाढायचा थांबला की दोन पायऱ्या खाली यायचं. नुसतं ‘क्रॅश झालं नाही’ हा काही पुरावा नव्हे.

कार्ड खोलायची खुमखुमी आली, की आधी कॅबिनेटची बाजूची पाटी काढा आणि तोच खेळ वीस मिनिटं चालवा. तापमान सात-आठ अंशांनी उतरलं तर कार्ड निर्दोष आहे. गुन्हेगार कॅबिनेट. समोर बंद काच, आत एकच पंखा आणि मागचा भाग भिंतीला टेकलेला, अशा अवस्थेत कुणीही तापेल. समोरून दोन पंखे आत, मागून एक बाहेर आणि भिंतीपासून वीतभर अंतर, एवढ्याने निम्म्या तक्रारी मिटतात. एक-दोन अंशच उतरलं, तर मात्र स्क्रूड्रायव्हर काढा.

साफसफाईत आपल्या घरांची खासियत वेगळी. नुसती धूळ ब्रशने उडते, पण फोडणीचा धूर आणि उदबत्तीचा चिकटा बसलेली धूळ उडत नाही, पंख्याच्या पात्यांवर तिचं पूट चढतं. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसावी लागते. ब्लोअर मारताना पातं बोटाने धरून ठेवा. भिंगरीसारखा पंखा फिरवायला मजा येते, पण बेअरिंगला येत नाही.

आता खोलणं. आधी दहा मिनिटं कार्ड तापवा म्हणजे पेस्ट मऊ होते, मग मशीन बंद करून, वायर काढून ते बाहेर घ्या. चिपच्या मागचे चार स्प्रिंगवाले स्क्रू तिरक्या जोडीने थोडे थोडे सैल करायचे, बसवतानाही तसेच आवळायचे. हीटसिंक ओढायचा नाही, किंचित पिळून सोडवायचा, आणि लगेच उंच उचलायचा नाही, कारण पंख्यांच्या वायरी आखूड असतात आणि त्यांचे कनेक्टर त्याहून नाजूक.

खरा सापळा थर्मल पॅडचा, म्हणजे मेमरी आणि हीटसिंक यांच्यामधल्या उष्णता वाहणाऱ्या मऊ पट्ट्यांचा. एकाच ३०८० वर ठिकठिकाणी एक, दीड, दोन मिलिमीटरचे पॅड असू शकतात, आणि एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही मापं जुळत नाहीत. ‘जाड पॅड म्हणजे जास्त गारवा’ हा समज सोडा. अर्धा मिलिमीटर जास्त झाला की हीटसिंक लंगड्या पाटासारखा मेमरीवर टेकतो आणि चिपवर अधांतरी राहतो. मग मेमरी ऐंशीवर सुखात आणि हॉटस्पॉट मिनिटभरात शंभरीपार. जुने पॅड कुठे किती दाबले गेलेत ते व्हर्नियरने मापा, फोटो काढून ठेवा आणि शंका असेल तिथे मऊ पॅड घ्या. चिपवर पेस्ट मात्र पूर्ण पसरवायची. प्रोसेसरवर वर झाकण असतं म्हणून वाटाण्याएवढा ठिपका चालतो, इथे उघडा सिलिकॉन आहे, कोपरा कोरडा राहिला तर तोच हॉटस्पॉट. पातळ पेस्ट तापून-निवून कडेला वाहते, म्हणून माझा कौल फेज चेंज पॅडला, म्हणजे पेस्टऐवजी लावायच्या, तापल्यावर मऊ होणाऱ्या पातळ पट्टीला. त्यातला पीटीएम७९५० पंचेचाळीस अंशांच्या आसपास मऊ होतो आणि जागा सोडत नाही. फक्त तो लावण्याआधी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवावा, नाहीतर वरची फिल्म निघता निघत नाही. फ्रिजमध्ये तो कुणाच्या हाती लागला तर खुलासा आपला आपण करावा. पेस्टऐवजी लिक्विड मेटल (द्रवरूप धातू) लावण्याच्या वाटेला जाऊ नका, त्यातलं गॅलियम अॅल्युमिनियम खातं आणि ओघळलं तर शॉर्ट करतं.

हे सगळं करूनही सर्वांत मोठा फरक पडतो तो फुकटात. चिपची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने वाढते. आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल-एफ दाबून व्होल्टेज आणि वेगाची वक्ररेषा उघडा, ०.८५ व्होल्टला १८०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा बिंदू धरा आणि त्यापुढची रेषा सपाट करा. भूक ३२० वरून अडीचशेच्या घरात येते आणि फ्रेम्स जातात फार तर पाच टक्के. प्रत्येक चिपचा स्वभाव वेगळा, क्रॅश झालं तर एक पायरी व्होल्टेज वाढवा. ओव्हरक्लॉकवाल्यांना हा उपाय अपमानास्पद वाटतो, हे मला मान्य आहे.

शेवटी खोली उरते, कारण कार्डातून काढलेली उष्णता कुठे जात नाही, आपल्या मांडीवर येऊन बसते. प्रोसेसर धरून पाचशे वॅट म्हणजे चार तासांत दोन युनिट, सगळे खोलीतच. कॅबिनेटचं तोंड कूलरकडे करण्यापेक्षा खिडकीत एक्झॉस्ट लावलेला बरा. आफ्टरबर्नरमध्ये प्रोफाइलच्या पाच जागा असतात. पहिलीत कमी व्होल्टेजची उन्हाळी सेटिंग ठेवा, दुसरीत ते शंभर मेगाहर्ट्झ, आणि नागपुरात हिवाळी अधिवेशन भरलं की दुसरी लावा.