चिमणी ठेवली म्हणजे वारसा जपला असं नाही

एका लेखात म्हटलंय की मुंबईच्या गिरणगावात टॉवर झाले तरी कापड गिरण्यांच्या धुराच्या चिमण्या आणि जुन्या दगडी भिंती ठेवल्यात म्हणजे वारसा शिल्लक आहे. मला हे अजिबात पटत नाही. माझे वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात होते, रात्रपाळी करून सकाळी यायचे तेव्हा भुवयांवर कापूस असायचा, आणि तोच माणूस संध्याकाळी चाळीच्या गॅलरीत पखवाज घेऊन भजनाला बसायचा. गावच्या मंडळाच्या खोलीत वीस-पंचवीस जण पाळीपाळीने झोपायचे, भिंतीला ट्रंका लावलेल्या, त्याच खोलीत नमनाच्या, म्हणजे कोकणातल्या लोकनाट्याच्या तालमी चालायच्या. वारसा म्हणाल तर हा.

१९८२ च्या गिरणी संपानंतर ही माणसं हळूहळू पांगली. १९९१ च्या नियमात गिरण्यांची जमीन तीन वाट्यांत जाणार होती, पालिकेला मोकळ्या जागेसाठी, म्हाडाला घरांसाठी आणि मालकाला. २००१ साली नियम बदलला, वाटणी फक्त आधीच रिकाम्या असलेल्या जमिनीची, शेड पाडून मोकळी होणारी जमीन त्यातून बाहेर, आणि २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ते मान्य केलं. मग कलेला जागा उरणार कुठून सांगा.

आता निदान परळच्या दामोदर नाट्यगृहाकडे तरी बघा, १९२२ पासूनचं, कामगार रंगभूमी आणि कोकणातले नमन-दशावतार तिथे उभे राहिले, २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झालं. नवीन होईल ते तेवढ्याच खुर्च्यांचं आणि नमनवाल्यांना परवडेल अशा भाड्याचं व्हायला हवं, आणि तेही टॉवरच्या आधी बांधा.