बसा नं, भाऊ!

देवळीच्या पुढच्या त्या गावाच्या वेशीवर तिसऱ्या दिवशी दुपारी पोचलो, तेव्हा माझ्या शरीराचा एकच भाग पूर्ण शुद्धीवर होता आणि तो कोणता, हे चारचौघांत सांगता येत नाही. शेगावपासून जवळजवळ २५० किलोमीटर तो भाग सायकलच्या सीटवर होता. बाकीचा मी नुसता सोबत आलो होतो.

हेतू चांगलाच होता. या गावातल्या हायस्कुलात लांबून पायी येणाऱ्या मुलींना सायकली द्यायच्या. त्यासाठी मास्तर, वकील, मेडिकलवाला आणि मी, असे चौघं सायकल हाणणार आणि ओळखीपाळखीचे लोक किलोमीटरमागे पैसे देणार. माझ्या साळ्यानं किलोमीटरला २ रुपये कबूल केले आणि वर बजावलं, "भाऊजी, जवळच्या रस्त्यानं जा."

शेगावहून निघालो, हीच पहिली चूक. वऱ्हाडात शेगावला लोक पायी जातात. मूर्तिजापूरच्या अलीकडे चहाच्या टपरीवर आम्ही जरा ऐटीत सांगितलं, शेगावहून येतोय. बाकावरच्या आजीनं आमच्या गादीवाल्या चड्ड्यांकडे बराच वेळ पाहिलं. "सायकलनं? माही सासू पायी जाये शेगावले. अनवाणी." मग तिनं बशीत चहा ओतला आणि आमचा विषय संपवला.

वकिलानं ओआरएसची डझनभर पाकिटं घेतली होती, अर्थात मेडिकलवाल्याच्याच दुकानातून. पण तो सगळा पूर्णेचा खारपाणपट्टा. हापशीच्या पाण्याचा पहिला घोट घेतला आणि वकील पाकिटं परत करायची भाषा बोलू लागला. "विकलेला माल वापस होत नाही," एवढंच बोलून मेडिकलवाला पुढे निघून गेला. धामणगावपर्यंत दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

बडनेऱ्यानंतर चांदूर रेल्वे लागतं आणि मग धामणगाव रेल्वे. कशानं यायचं, ते या गावांनी नावातच सांगून ठेवलंय. चांदूरला एका म्हाताऱ्यानं विचारलंच, "काहून बाप्पा, गाडी चुकली का?" पुलगावला वर्धा नदी ओलांडेपर्यंत तीन पंक्चर झाले, तिन्ही मास्तरांचे. बाभळीचा काटा माणूस पाहून टोचत असावा.

तर, गावाची वेस. तिथे दोन पोरं हात आडवे करून उभी. "थांबा! लेझीमवाले जेवून राह्यले." लिंबाखाली पाऊण तास थांबलो. मग लेझीम आलं, पण प्रमुख पाहुणे आले नव्हते. ते आले, तर मोबाइलवर शूटिंग करणाऱ्याचं म्हणणं पडलं, एंट्री नीट आली नाही, अर्धा किलोमीटर मागे जाऊन परत या. ते अर्धा किलोमीटर साळ्याच्या हिशोबात धरायचं की नाही, यावर आमच्यात अजून एकमत नाही.

लेझमीच्या मागे सायकल चालवणं ही वेगळीच विद्या आहे. पथक दोन पावलं पुढे जातं, एक मागे येतं. सायकलला मागे येता येत नाही. शाळेच्या फाटकात, नेमका फुलांचा वर्षाव सुरू असताना, मी हळूच डावीकडे कललो आणि पाहुण्यांच्या पायाशी पडलो. लोकांना वाटलं, नमस्कार केला. टाळ्या पडल्या. हे मात्र शूटिंगमध्ये पहिल्याच झटक्यात व्यवस्थित आलं.

खरी परीक्षा पुढे होती. स्टेजवर चार खुर्च्या. लाकडी.

"बसा," पाहुणे म्हणाले. "बसा नं, भाऊ!" मुख्याध्यापक म्हणाले. आम्ही चौघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि उभेच राहिलो. सूत्रसंचालकानं माइक घट्ट धरला, "बघा विद्यार्थ्यांनो, ही नम्रता! मान्यवरांसमोर बसायला पाहुणे तयार नाहीत!" आता नम्रपणे उभं राहणं भाग होतं. एकूण ७ भाषणं झाली. तिसऱ्याला वकिलाचे पाय लटपटू लागले आणि तो टेकला. पुढच्याच क्षणी असा उठला, की वक्त्याला वाटलं त्याला काही बोलायचंय.

शेवटी सायकली दिल्या. नववीतल्या एका मुलीनं शाल-बिल, फोटो-बिटो होऊ दिलं आणि मग सरळ नव्या सायकलचे ब्रेक दाबून पाहिले, चेन पाहिली, नट पाहिले. येऊन-जाऊन रोज १० किलोमीटर पायी येते म्हणे. घरची जुनी सायकल भावानं बळकावली आहे. मी मनात हिशोब केला, २५ दिवसांत आमची अख्खी मोहीम होते, तीही दप्तरासकट. लेझीम नाही.

तिची नजर माझ्या सायकलवर गेली. "काका, हे तुमची सीट अशीच हाय का शेगावपासून?"

"हो. का गं?"

"तोंड वर हाय नं तिचं. टोचत नाही का?"

शिपायाकडून पाना मागून तिनं दोन मिनिटांत सीट सपाट केली, वर थाप मारली आणि मैत्रिणीला कॅरिअरवर घेऊन घंटी वाजवत फाटकाबाहेर पडली.

संध्याकाळी सायकली टेम्पोत चढवल्या. ड्रायव्हरनं आपुलकीनं केबिनचं दार उघडलं. "समोर या नं, भाऊ. चांगली गादी टाकली हाय, आरामात बसा."

वर्ध्यापर्यंत आम्ही चौघंही मागे, सायकली धरून उभे होतो.