खिचडी पोचली, आता कुलपाची पेटी द्या

गाडगेबाबांच्या दशसूत्रीत ‘भुकेलेल्यांना अन्न’ आणि ‘बेघरांना आसरा’ ही दोन वेगळी कलमं आहेत. मुंबईतल्या देवस्थानांनी, मंडळांनी पहिलं तोंडपाठ केलं, दुसऱ्यापाशी गाडी अडली. परळच्या हॉस्पिटलांबाहेर खिचडी वाटणाऱ्यांची कमी नाही. तिथेच झोपणाऱ्याला अंघोळीसाठी मात्र पैसे मोजावे लागतात.

सर्वोच्च न्यायालयाचा दंडक आहे लाख वस्तीमागे एक निवारा, चोवीस तास, बारा महिने. 2011 च्या जनगणनेनुसार मुंबई सव्वा कोटीच्या आसपास, म्हणजे 120 च्या वर निवारे हवेत. तेवढे नाहीत. त्यामुळे भायखळ्याचं आशादान किंवा पनवेलजवळचा सील आश्रम अशा, रस्त्यावरच्या निराधारांना श्रद्धेपोटी सांभाळणाऱ्या संस्थांवाचून निभत नाही, हे मान्यच. किडे पडलेली जखम धुवायला नुसता पगार पुरत नाही, श्रद्धा लागते.

पण श्रद्धेने खरूज जात नाही. निवाऱ्यातल्या एकट्यालाच मलम लावलं की आठवड्यात पुन्हा सगळे खाजवत बसतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने पाच टक्के परमेथ्रिन हे खरजेचं मलम मानेपासून तळपायापर्यंत, सगळ्यांना एकाच रात्री, आणि आठवड्याने परत. चादरी गरम पाण्यात. जे धुता येत नाही ते पिशवीत बांधून किमान तीन दिवस बाजूला. पावसाळ्यात ओल्या गोधड्या वाळत नाहीत, तेव्हा प्रत्येकामागे दोन चादरी धरा.

दारूचं याहून गंभीर. रोज पिणाऱ्याला आश्रमात आणून एकदम तोडली, तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, तिसऱ्या दिवसापर्यंत भ्रम होतो. माणूस दगावूही शकतो. तिथे भजन नको, हॉस्पिटल हवं.

आणि वेळा! केटरिंगची पोरं रात्री एक-दोनला सुटतात, निवाऱ्याचं फाटक दहाला बंद. नाक्यावर कामाला जाणाऱ्याने सकाळी आठला तिथे उभं राहायचं, तर आठलाच प्रार्थना सक्तीची. मग तो फुटपाथच पत्करतो आणि आपण म्हणतो, ‘यांना सुधारायचंच नाही.’ नवरा-बायकोला दोन वेगळ्या निवाऱ्यांत टाकलं तरी हेच. प्रार्थना ठेवा, पण ताटाची किंवा गादीची अट म्हणून नको.

कागदांचं काम सर्वांत कंटाळवाणं, म्हणून सर्वांत मागे पडतं. मान्यताप्राप्त निवारागृहाच्या अधीक्षकाचं प्रमाणपत्र आधारसाठी पत्त्याचा पुरावा म्हणून चालतं. मात्र आधी विचारा, पूर्वी कधी काढलं होतं का? असेल तर नवी नोंदणी डुप्लिकेट म्हणून फेटाळली जाते. आधार केंद्रात बोटांच्या ठशांवरून जुना नंबर शोधावा लागतो. मिळालेलं कार्ड उशाशी ठेवलं तर पुन्हा चोरीला जाणार.

तेव्हा येत्या भंडाऱ्याच्या पावतीतून थोडे पैसे बाजूला काढा. प्रत्येक खाटेमागे एक पत्र्याची पेटी, कुलूप, आणि रात्री दोनला फाटक उघडणारा एक पगारी माणूस.