आयत्या साइटवर नागोबा

औशाजवळ आमच्या दाजींच्या मळ्यात थंडीत हुरडा पार्टी चालते. यंदा त्यांना साइट पाहिजे होती. भाचा म्हणाला, "मामा, कोड कशाला लिहायचा? द्रुपलचं रेडिमेड टाकू. नेक्स्ट-नेक्स्ट केलं की झालं."

द्रुपल म्हणजे साइट बनवायचं सॉफ्टवेअर, 2001 पासून फुकट मिळतं. त्याच्यासोबत जादा सोयींची मॉड्यूल, दिसण्याची थीम, सेटिंग सगळं आधीच जोडून देतात, ते डिस्ट्रिब्युशन. झकासच. पण त्या नेक्स्टपर्यंत पोचायला आधी झॅम्प लागतं, म्हणजे आपल्याच लॅपटॉपवर साइट चालवायचं पॅकेज. त्यातल्या अपाचे नावाच्या सर्व्हरला 80 नंबरचं पोर्ट, म्हणजे ये-जा करायचं दार, हवं, आणि तिथं भलतंच कुठलं तरी सॉफ्टवेअर ठाण मांडून बसलेलं. ते काही उठेना, म्हणून अपाचेलाच 8080 वर सरकवलं. बार पुढं जायला लागला आणि लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी कधीच वारलेली.

लाइट आल्यावर बघतो तर भाच्यानं नेमकी 'उमामी' निवडलेली. 2018 साली द्रुपल 8.6 सोबत आलेली ही खाण्यापिण्याच्या मासिकाची नमुना साइट. "खायचंच आहे की, मामा!"

दाजी हात पुसत स्क्रीनपाशी आले. भूमध्यसागरी किश, थाई करी, व्हीगन ब्राउनी.

"हुरडा कुठं हाय?"

"टाकायचाय अजून, दाजी."

आयत्या साइटीत आपलं घालायला लागत नाही एवढा वेळ दुसऱ्याचं उपसायला लागतो. आणि घालायचं तेही तिच्याच फॉर्मात. पाककृतीचा फॉर्म उघडला. शिजवायला लागणारा वेळ, मिनिटांत.

"आगटी पेटलेली हाय का पेटवायची हाय?"

किती जणांसाठी? तिथं आकडाच लागतो. दाजी म्हणाले, "पाव्हणे येतील तेवढ्यांना. आकडा कसा सांगू?"

अवघडपणा : सोपं, मध्यम, कठीण.

"भाजणाऱ्याला का खाणाऱ्याला?"

मी 'मध्यम' टाकलं. साहित्यात गुळभेंडी ज्वारी, गोवऱ्या, लसणाची चटणी. गोवऱ्या साहित्यात धरायच्या की नाही यावर बाप-लेकांत जुंपली; मी चहा पिऊन आलो तरी चालूच होती.

वर स्पॅनिशचंही बटण होतं. "राहू दे," दाजी म्हणाले, "पुण्याच्या पाव्हण्यांना बरं वाटतंय."

किश तर त्यांनी काढूच दिली नाही. "फोटो बघून येतील तर खरं. एकदा मळ्यात आले की हुरडाच खातेत. जातेत कुठं?"