खिडकीची जागा

बँकॉकला बदली झाली तेव्हाच ठरवलं होतं, इथे पाहुण्यासारखं नाही, इथल्या माणसासारखं राहायचं. म्हणजे स्वस्तात. डोंबिवलीत जन्म काढलेल्याला काटकसर काय शिकवायची!

रामखामहेंग भागात खोली मिळाली. भाडं बेताचं, पण वीज घरमालकिणीच्या दराने : युनिटला ८ बाट, सरकारी दराच्या जवळजवळ दुप्पट. त्यामुळे एसी भिंतीवर देवाच्या तसबिरीसारखा. रोज नमस्कार करायचा, हात लावायचा नाही. पिण्याचं पाणी कोपऱ्यावरच्या यंत्रातून. १ बाटचं नाणं टाकलं की साधारण लिटरभर. इथवर मी जिंकत होतो.

जेवणाने घात केला. गाडीवरच्या मावशींना पाठ केलेलं थाई ऐकवलं, "माय साय नाम प्ला." माशाचा सॉस नको. पण या भाषेत पाच सूर. सूर हलला की त्याच 'माय'चं नवीन होतं, रेशीम होतं, लाकूडही होतं. मी नेमकं काय मागितलं देव जाणे. मावशी प्रेमाने "दाय, दाय", म्हणजे होईल होईल, म्हणाल्या आणि सॉस घातलाच. वर सुकटाची कोलंबी. शेवटी पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरात 'जे' लिहिलेली गाडी सापडली. तिथे मासा नाही, अंडं नाही, आणि कांदा-लसूणही नाही! आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "बरं झालं, इथे चातुर्मास कधी पाळला नाहीस."

खरी परीक्षा मात्र सेन सेप कालव्यातल्या लाँचची. थायलंडचा राजा तिसरा राम याच्या काळात फौजा नेण्यासाठी खणलेला हा कालवा. १९९० पासून त्यातून प्रवासी लाँच धावते. आता फौज हापिसात जाते, एवढाच फरक. लाँच धक्क्याला टेकते न टेकते तोच लोक दोर धरून काठावरून आत उड्या मारतात. मी मनात हसलो. अहो, आम्ही गाडी थांबायच्या आत चढणारे! उडी मारली, दोन आज्जींना चुकवलं आणि थेट कडेची जागा पटकावली. खिडकी! वारा! एवढ्या गर्दीत ती रिकामी का, हा प्रश्न डोंबिवलीकराला पडत नाही.

समोरून दुसरी लाँच आली. सगळे माझ्याकडे बघू लागले. मीही हसून मान डोलावली. मागून कोणीतरी ओरडलं आणि कालव्याचं काळं पाणी माझ्यासकट तीन बाकांवर आलं. कडेला बसणाऱ्याने दोर ओढून प्लास्टिकचा पडदा वर करायचा असतो, लाँच पुढे गेली की खाली सोडायचा, हे तेव्हा कळलं. हेल्मेट घातलेली कंडक्टरबाई बाहेरच्या काठावरून चालत आली, दोर माझ्या हातात दिला आणि भाडंही घेतलं. प्रतुनामच्या धक्क्यापर्यंत मी पडदा ओढत होतो. शर्ट धुवायला टाकला त्याचे ४० बाट गेले. त्या पैशात टॅक्सीने थोडी तरी वाट कापली असती.

आता मी मधे बसतो, पिशवी छातीशी धरून. परवा एक कुटुंब चढलं. बाबा बॅगा सांभाळत ओरडले, "अगं, खिडकी पकड, खिडकी!"

समोरून लाँच येत होती. मी चष्मा काढून खिशात ठेवला आणि चेहरा शक्य तितका थाई केला.